चळवळीच्या गाण्यांवरून इंग्रजी शिकलो तर ग्रामर बिघडेल का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिक्षण सगळं मराठी मीडियममध्ये. आमचं कलापथक आहे, भीमगीतं, जलसा, शाहिरी सगळं करतो, मी त्यात झीलकरी आहे. पुढे एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सला जायचंय, तिथे इंटरव्ह्यू इंग्रजीत होतो म्हणे, आणि माझं इंग्रजी म्हणजे वाचलं तर कळतं पण तोंडातून निघत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता, सोडला. मधे एका मित्राने बॉब मार्लेचं 'रिडेम्प्शन साँग' ऐकवलं, ते इतकं आवडलं की अर्थ शोधत रात्रभर बसलो, आणि तेव्हापासून डोक्यात आहे की असल्या गाण्यांवरूनच इंग्रजी शिकावं. पण क्लासचे सर म्हणाले गाण्यातलं ग्रामर चुकीचं असतं, होतं नव्हतं तेपण बिघडेल. खरं काय? शिकायचं तर सुरुवात कुठून करू? आणि पथकातली पोरं म्हणतात, हा आता इंग्रजीत गाणार म्हणजे आपल्यात राहणार नाही. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात एक इंग्रजी गाणं घेतलं तर चालेल का?
झीलकरी, जि. परभणी

उत्तर:

प्रिय झीलकरी,

शिकता येतं, आणि तुला तर इतरांपेक्षा लवकर येईल असं मला मनापासून वाटतं. शाहिराने ओळ टाकली की ती तशीच्या तशी, त्याच ठेक्यात उचलून परत द्यायची हे तुझं नेहमीचं काम आहे, आणि भाषा बोलायला लागायची तर नेमकं हेच करावं लागतं, ऐकलेलं वाक्य अख्खं उचलायचं, एकेक शब्द मराठीतून जोडत बसायचं नाही. तुझी अडचण तूच लिहिलीयेस की वाचलं तर कळतं पण निघत नाही, म्हणजे नियम तुला बऱ्यापैकी माहीत आहेत, तोंडाला सवय नाहीये. सवय लावायला गाण्यासारखं दुसरं काही नाही, कारण एकच वाक्य शंभर वेळा म्हटलं तरी कंटाळा येत नाही.

आणि त्यातही चळवळीचीच गाणी घे, सिनेमातली किंवा रॅप आत्ता नको. रॅपमध्ये शब्द फार, वेग फार. चळवळीचं गाणं बनतं कसं ते बघ. संपावर बसलेली माणसं, त्यातल्या कितीतरी जणांना वाचता येत नाही, कागद छापून वाटायची सोय नाही, आणि गाणं तर पाच मिनिटांत सगळ्यांच्या तोंडी यायला हवं. मग काय करायचं, तर ओळ तीच ठेवायची आणि कडव्यागणिक एखादाच शब्द बदलायचा. अमेरिकेत अशा गाण्यांना झिपर साँग म्हणतात. आता गंमत अशी की भाषा शिकवणारे याच गोष्टीला सब्स्टिट्यूशन ड्रिल म्हणतात, वाक्याचा सांगाडा पक्का आणि आतला शब्द बदलता. फळ्यावर ते ड्रिल केलं की पोरं कंटाळतात, पण गाण्यात तेच ड्रिल लोकांनी दिवस दिवस मोर्च्यात केलंय आणि त्यांना थकवा आला नाही. तेव्हा ग्रामरचा एक नियम आणि त्याला एक गाणं, अशी जोडी लाव.

पहिलं गाणं घे 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन'. अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांनी ते १९५५ मध्ये लिहिलं, कल्पना सुचली ती शोलोखोव्हच्या रशियन कादंबरीतल्या कोसॅक लोकांच्या एका गाण्यावरून, आणि १९६० च्या सुमारास जो हिकरसन यांनी पुढची कडवी जोडून त्याचं वर्तुळ पूर्ण केलं. फुलं कुठे गेली तर मुलींनी नेली, मुली कुठे गेल्या तर नवऱ्यांकडे, नवरे सैनिक झाले, सैनिक कबरस्तानात गेले, आणि कबरस्तानावर परत फुलं आली. दर कडव्यात प्रश्न तोच, नाम तेवढं बदलतं.

या एका ओळीत आपल्या लोकांच्या दोन नेहमीच्या चुकांवर औषध आहे, म्हणून मी याच्यावर जरा जास्त बोलते. पहिली चूक प्रश्नाच्या रचनेची. आपण सर्रास म्हणतो, 'व्हेअर यू आर गोइंग?', 'व्हाय ही हॅज कम?' कारण मराठीत 'तू कुठे चाललायस' मध्ये काही उलटं करावं लागत नाही. इंग्रजीत 'हॅव' किंवा 'आर' ते कर्त्याच्या आधी येतं, आणि हे गाणं गाताना तू ते आपोआप आधी म्हणशील, चुकीचं म्हटलंस तर चालच मोडेल. मग त्याच चालीवर तुझे प्रश्न बसव. 'व्हेअर हॅव ऑल द फार्मर्स गॉन?' 'व्हेअर हॅव ऑल द टीचर्स गॉन?' गावातून पोरं पुण्याला कामाला गेली, त्यावर कर, 'व्हेअर हॅव ऑल द यंग मेन गॉन?' हे झालं की उलट बाजू कर, 'आय डोन्ट नो' ने वाक्य सुरू केलं की ती उलटापालट जाते, 'आय डोन्ट नो व्हेअर ऑल द फ्लॉवर्स हॅव गॉन'. दोन्ही एकापाठोपाठ म्हणत जा, एकदा प्रश्न, एकदा 'आय डोन्ट नो', म्हणजे फरक कानाला कळायला लागेल.

दुसरी चूक काळाची, आणि ही तर चांगल्या चांगल्या शिकलेल्या माणसांची होते. आपण मराठीत म्हणतो 'मी काल परभणीला गेलो होतो', त्यातला 'होतो' सरळ उचलून 'आय हॅड गॉन टू परभणी यस्टरडे' करतो. किंवा मग 'आय हॅव गॉन टू परभणी यस्टरडे'. दोन्ही चूक, कारण 'यस्टरडे' म्हणून वेळ ठरवून दिली की साधं 'वेंट' पुरतं, 'आय वेंट टू परभणी यस्टरडे'. मग 'हॅव गॉन' कधी? गाण्याकडेच बघ. फुलं कधी गेली, कोणत्या तारखेला, याच्याशी त्या प्रश्नाला काही घेणंदेणं नाही, आत्ता इथे फुलं नाहीत एवढंच त्याला म्हणायचंय. झालेल्या गोष्टीचा परिणाम आत्ता समोर दिसतोय तेव्हा 'हॅव गॉन', आणि घडलं कधी ते सांगायचंय तेव्हा 'वेंट'. 'हॅड गॉन' लागतं ते अजून एखाद्या जुन्या घटनेच्याही आधीचं सांगताना, 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड गॉन'. इंटरव्ह्यूत तुझ्या कामाबद्दल विचारतील तेव्हा हा एवढा एक फरक जरी बरोबर आला तरी समोरच्याला लगेच जाणवतं की पोराचं इंग्रजी पक्कं आहे.

हे पक्कं झालं की 'इफ आय हॅड अ हॅमर' घे. सीगर आणि ली हेज यांनी १९४९ मध्ये केलेलं, जर-तरचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. यात 'हॅड' दिसला म्हणून भूतकाळ समजू नकोस, 'माझ्याकडे हातोडा असता तर' मधला 'असता' आहे तो. आज हातोडा नाहीये, असता तर काय केलं असतं त्याची ती कल्पना आहे. आणि पुढे 'आय'ड' ऐकू येतं ते 'आय वुड', 'आय हॅड' नव्हे. आपली मुलं 'इफ आय वुड हॅव' म्हणतात, 'वुड' दोन्ही बाजूंना घालतात, ते टाळायचं, 'इफ'च्या बाजूला 'हॅड' आणि दुसऱ्या बाजूला 'वुड'. हातोडा झाला की घंटा, घंटेनंतर गाणं, आणि शेवटच्या कडव्यात तो म्हणतो की हे सगळं माझ्याकडे आहेच, तिथे 'इफ' जातो आणि साधा वर्तमान येतो, तो बदल लक्ष देऊन ऐक. मग तुझी वाक्यं कर. 'इफ अवर व्हिलेज हॅड अ बस, माय सिस्टर वुड गो टू कॉलेज.' 'इफ वी हॅड अ लायब्ररी, आय वुड स्टडी देअर.' खऱ्या अडचणींवर कर, म्हणजे इंटरव्ह्यूला बोलायला साहित्यही तयार होईल.

तिसरं 'विच साइड आर यू ऑन'. हे माझं फार आवडतं. केंटकी राज्यात हार्लन काउंटीत कोळसा खाणी होत्या, १९३१ मध्ये तिथे मालक आणि युनियन यांचं जुंपलं, आणि सॅम रीस नावाच्या युनियनच्या कार्यकर्त्याला शोधायला शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुख ब्लेअरची माणसं त्याच्या घरात घुसली. तो घरी नव्हता, बायको फ्लॉरेन्स आणि मुलं होती. सगळं घर उलथंपालथं करून ती माणसं गेली आणि फ्लॉरेन्सने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्यावर हे गाणं लिहिलं, चाल घेतली एका जुन्या ओळखीच्या भजनाची. ग्रामर म्हणून बघशील तर शेवटचा 'ऑन' बघ. आपल्याकडे 'कोणत्या बाजूला' मध्ये 'ला' शब्दालाच चिकटतो, इंग्रजीत तो सुटा राहून वाक्याच्या टोकाला जातो आणि आपण तो खाऊन टाकतो, 'विच साइड यू आर' म्हणून मोकळे होतो. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' 'हू आर यू टॉकिंग टू?' 'व्हेअर डू यू कम फ्रॉम?' हे सगळं त्याच चालीत घोळव. शब्दांमध्ये, गाण्यात ब्लेअरच्या माणसांना 'थग' म्हटलंय, तो आपलाच ठग तिकडे गेलेला, पण तिकडे तो फसवणारा राहिला नाही, मारहाण करणारा गुंड झाला, तेव्हा कुणी पैशाला फसवलं तर त्याला 'थग' म्हणू नकोस, 'चीट' म्हण.

आणि ही गोष्ट, म्हणजे फ्लॉरेन्सची, ती साध्या भूतकाळात स्वतः सांगायचा सराव कर. 'हर हजबंड वॉज अ युनियन ऑर्गनायझर. द शेरिफ्स मेन केम टू द हाऊस. ही वॉज नॉट ॲट होम. शी टोअर अ पेज फ्रॉम द कॅलेंडर अँड रोट अ साँग.' चार वाक्यात कम-केम, टेअर-टोअर, राइट-रोट येऊन गेलं, आणि हे असं पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा जास्त टिकतं कारण त्यामागे एक बाई आणि तिचं घर आहे. प्रत्येक गाण्याची अशी गोष्ट असते, गाणं शिकलास की त्याची गोष्ट पाच-सहा वाक्यात सांगायचीच, हा नियम कर. इंटरव्ह्यूत 'हॉबी काय' हा प्रश्न हमखास असतो, तिथे सगळे 'रीडिंग अँड म्युझिक' म्हणून थांबतात.

शब्दसंग्रहासाठी 'सिक्स्टीन टन्स' ऐक. मर्ल ट्रॅव्हिसचं, १९४६ ला रेकॉर्ड झालेलं, हेही केंटकीच्या खाणींचंच. तिथे खाणमालक मजुरी रोख न देता टोकनं द्यायचे आणि ती टोकनं फक्त मालकाच्याच दुकानात चालायची, मग माणूस राबतोय आणि त्या दुकानाचं देणं वाढतंय. यातला 'ओ' (owe) हा धातू शिकून घे, म्हणजे देणं लागणं. 'मी त्याचे पाचशे रुपये देणं लागतो' याला आपण 'आय हॅव टू गिव्ह हिम' म्हणतो, बरोबर म्हणजे 'आय ओ हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज'. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी लिहायचा पण म्हणायचा नाही. 'ओल्डर', 'डीपर' ही तुलनेची रूपंही एकाच ओळीत आहेत. आता तुमच्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल कशी फिटत नाही हे मी तुला सांगायला नको. तेच या शब्दांत म्हण. 'द कॉन्ट्रॅक्टर गिव्हज ॲन ॲडव्हान्स. द फॅमिली ओज हिम मनी. एव्हरी इयर दे गो डीपर इंटू डेट.' एमएसडब्ल्यूच्या इंटरव्ह्यूला ही तीन वाक्यं कुणी शांतपणे म्हटली तर समोरचे पुढचा प्रश्न त्याच विषयावर विचारणार, आणि त्या विषयावर तुला बोलायला भरपूर आहे.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. ते खोटं नाही. गाण्यात 'गोना', 'एन्ट', 'डोन्ट नीड नो' असलं पुष्कळ येतं आणि ते अर्जात लिहिलंस तर मार्क जातील. पण त्यावर उपाय गाणं बंद करणं हा नाही. वही दोन रकान्यांची कर, डावीकडे गाण्यातली ओळ आणि उजवीकडे तीच गोष्ट अर्जात कशी लिहिशील ते. पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या गाण्यात पोरं म्हणतात 'वी डोन्ट नीड नो एज्युकेशन', उजवीकडे लिही 'वी डोन्ट नीड एनी एज्युकेशन'. सॅम कुकचं १९६४ चं गाणं 'अ चेंज इज गोना कम', उजवीकडे 'अ चेंज इज गोइंग टू कम'. डिलनच्या 'द टाइम्स दे आर अ-चेंजिन' मध्ये 'दे' जास्तीचा आहे आणि 'चेंजिंग'च्या आधी जुन्या बोलीतला 'अ' आहे, उजवीकडे 'द टाइम्स आर चेंजिंग'. असं लिहीत गेलास की गाण्यामुळे ग्रामर बिघडायच्या ऐवजी पक्कं होईल, कारण प्रत्येक ओळीला तुला विचार करावा लागेल की हे कुठे चालतं आणि कुठे नाही.

फक्त एक कर, डाव्या रकान्याला 'चुकीचं इंग्रजी' असं नाव देऊ नकोस. ते बोलीतलं इंग्रजी आहे. काळ्या अमेरिकन लोकांच्या, खाणकामगारांच्या, जमैकाच्या बोलीला स्वतःचे नियम आहेत, दोनदा नकार आला म्हणून त्याचा होकार होत नाही, तो नकार उलट जास्त ठाम होतो. आपल्याकडे 'म्हनलं' आणि 'व्हतं' म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवून गप्प बसवलेलं तू पाहिलं असशीलच, तेच आपण दुसऱ्यांच्या बोलीला करायचं नाही.

म्हणूनच तुझं लाडकं 'रिडेम्प्शन साँग' मी पहिलं घेतलं नाही. ते १९८० चं, मार्लेच्या शेवटच्या दिवसांतलं, आणि भाषेच्या दृष्टीने अवघड आहे. सुरुवातीलाच 'रॉब आय' येतं. शाळेत शिकलास की क्रियापदानंतर इंग्रजीतला 'मी' (me), म्हणजे 'मला', मग इथे 'आय' का? जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे लोक मुद्दाम 'आय' म्हणतात, माणूस कधी कर्म होत नाही, कायम कर्ताच असतो अशी त्यामागची भावना आहे. उजव्या रकान्यात 'दे रॉब्ड मी'. मग ते मेंटल स्लेव्हरीवालं वाक्य, मनाच्या गुलामीतून स्वतःला सोडवा म्हणणारं, ते काळ्यांच्या चळवळीचे जमैकन नेते मार्कस गार्वी यांच्या १९३७ च्या कॅनडातल्या भाषणातून आलेलं आहे. त्यात 'युवरसेल्व्ह्ज' आहे, अनेकांना उद्देशून, एकट्याला म्हणायचं तर 'युवरसेल्फ', एवढं त्यातून घे. 'इमॅन्सिपेट' (मुक्त करणं) सारखा शब्द रोज लागत नाही पण तुझ्या क्षेत्रात लागेल, 'इमॅन्सिपेशन ऑफ विमेन' वगैरे. बाकीची गाणी झाली की याच्याकडे ये, तेव्हा ते तुला रात्रभर शोधावं लागणार नाही.

करायचं कसं, तर एक गाणं निदान आठवडाभर. आधी लिरिक्स न बघता ऐकायचं आणि कानाला येईल ते मराठी अक्षरात का होईना लिहायचं. मग लिरिक्स काढून पडताळायचं, दोन-तीन ठिकाणी बघ कारण ऑनलाइन लिरिक्समध्ये चुका भरपूर असतात. जिथे तुझ्या कानाने चूक केली तीच जागा खरी शिकायची, बहुतेक वेळा ती 'ऑफ', 'द', 'हॅव' असली बारकी असते कारण इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर देऊन मधले शब्द गिळतात. मग गाऊन बघ. आणि हे विसरू नकोस, गाऊन झालं की तीच ओळ चाल काढून, समोर माणूस बसलाय अशी साधी बोलून बघ, मोबाईलवर रेकॉर्ड कर. चालीमध्ये स्वर लांबतात, जोर भलतीकडे पडतो, आणि बोलताना ती चाल तशीच आली तर विचित्र वाटतं.

उच्चारात बाकी कशाच्या मागे लागू नकोस, अमेरिकन ॲक्सेंट तर मुळीच नको, फक्त एक गोष्ट सुधार. आपण 'वॉक' आणि 'व्हॉइस' दोन्हीला एकच व लावतो. 'वॉक', 'वी', 'विल' मध्ये ओठ गोल करून पुढे काढायचे, दात लावायचे नाहीत. 'ओव्हर', 'लिव्ह', 'व्हॉइस' मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. आरशासमोर एकदा करून बघ, तू गाणारा आहेस, तोंडाची ठेवण तुला लगेच सापडेल.

आणि गाण्यावरच सगळं भागेल असंही समजू नकोस. ईमेल, अर्ज, इंटरव्ह्यूतली नम्र भाषा हे गाण्यात नसतं. त्यासाठी रोज इंग्रजी पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाच आणि तीन वाक्यात परत सांग. सोडलेला क्लास परत लावायची गरज मला तरी दिसत नाही.

पथकातल्या पोरांचं मनावर घेऊ नकोस, पण त्यांना उत्तर मात्र दे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला गेले, आणि १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून तिकडच्या लोकांनी युनोकडे जो अर्ज करायचं ठरवलं होतं त्याची माहिती मागवली, आपल्या लोकांसाठी तसं काही करता येईल का म्हणून. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघत. तेव्हा तिकडची गाणी शिकलास म्हणून तू पथकापासून लांब जात नाहीयेस, ही ओळख आपल्याकडे आधीपासून आहे हे त्यांना सांग, आणि जमलं तर दोन पोरांना सोबत घेऊन शीक, झील द्यायला माणसं लागतातच.

१४ एप्रिलला गा, नक्की गा, आणि 'वी शॅल ओव्हरकम' गा. 'हम होंगे कामयाब' सगळ्या गावाला शाळेपासून पाठ आहे, ते गिरिजाकुमार माथुर यांनी याच गाण्यावरून केलेलं, त्यामुळे चाल लोकांना लगेच ओळखू येईल. गाण्याआधी मराठीत दोन मिनिटं त्याची गोष्ट सांग. १९४५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला तंबाखूच्या कारखान्यात संप झाला, कामगारांत काळ्या बायका मोठ्या संख्येने होत्या, त्यातल्या लुसिल सिमन्स दिवस संपताना चर्चमधलं एक जुनं गीत म्हणायच्या, 'आय विल' च्या जागी 'वी विल' करून. तिथून ते टेनेसीतल्या, चळवळीचे कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर शाळेत आलं, पुढे 'विल' चं 'शॅल' झालं, १९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीत ते सगळीकडे पोचलं, आणि मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, जॉन्सन यांना, संसदेतल्या भाषणात ते तीन शब्द म्हणावे लागले. 'शॅल' मध्ये निर्धार जास्त आहे, म्हणून गाण्यात शोभतो. तू बोलताना 'विल'च वापर, 'शॅल' ठेव 'शॅल वी स्टार्ट?' सारख्या विचारण्यापुरता. आणि 'ओव्हरकम' ला गाण्यात कर्म नाही, पण एरवी कशावर मात केली ते सांगावं लागतं, 'वी ओव्हरकेम अवर फिअर', हेही वहीत लिहून ठेव.

कडवी तीनच घे, 'वी शॅल ओव्हरकम', 'वील वॉक हँड इन हँड', 'वी आर नॉट अफ्रेड'. दर ओळ तू एकट्याने आधी टाक आणि पथकाने मागून उचलावी, पहिल्या कडव्याला लोक नुसते ऐकतील, तिसऱ्याला म्हणायला लागतील, मग तिथून सरळ हिंदीत शिर. तिसऱ्या कडव्याला 'टुडे' येतं, 'समडे' नाही, तेवढं आधी पथकाकडून घोटून घे. आणि ढोलकीवाल्याला सांग की लय वाढवू नकोस, हे गाणं संथच चालतं.